टायमिंगचं लॉक सुटतं तेव्हा दोष कुठल्या पायरीवर आहे हे कसं ओळखायचं

प्रश्न असा आहे. राळेगाव तालुक्यातल्या एका विद्यार्थ्यानं घराच्या स्लॅबवर ९० सेंटिमीटरची छत्री लावली आहे. २५.९ अंश पूर्वेला असलेल्या कतारच्या एस'हेल-२ उपग्रहावर हौशी रेडिओवाल्यांसाठी ट्रान्सपाँडर (सिग्नल घेऊन परत खाली पाठवणारं यंत्र) आहे. त्यावरचा डिजिटल टीव्ही बीकन, म्हणजे खुणेचा सिग्नल, त्याला आरटीएल-एसडीआर डाँगलवर (यूएसबीला लावायच्या छोट्या रेडिओ रिसीव्हरवर) घ्यायचा आहे. फ्रिक्वेन्सी १०४९१.५ मेगाहर्ट्‌झ, ध्रुवण आडवं, डीव्हीबी-एस२ (उपग्रह टीव्हीचं मानक), क्यूपीएसके ४/५ (प्रत्येक सिम्बॉल चार फेजपैकी एक, आणि पाचातले चार बिट खऱ्या माहितीचे), दर सेकंदाला १५ लाख सिम्बॉल, पायलट (मध्ये पेरलेले ओळखीचे सिम्बॉल) नाहीत. डाँगल २४ लाख सॅम्पल प्रतिसेकंदावर चालतो. रिसीव्हर त्यानं स्वतः सी++ मध्ये लिहिलाय आणि टायमिंग लूपचा, म्हणजे प्रत्येक सिम्बॉल नेमका कधी वाचायचा ते सतत दुरुस्त करणाऱ्या भागाचा, तुकडा प्रश्नासोबत दिलाय. तक्रारी तीन. प्रोग्राम सुरू केला की चार ठिपके छान दिसतात, पण सेकंदभरात फिसकटतात आणि पुन्हा सुरू केल्यावर तेच. दुसरी, दुपारी लॉकच होत नाही, रात्री होतं. तिसरी, ठिपके चांगले असतानाही फ्रेम मधूनच सुटते, लाइट गेली की जास्तच. विचारलंय एवढंच की गार्डनर लूपचे (टायमिंगची चूक गार्डनरच्या सूत्रानं मोजणाऱ्या लूपचे) गुणांक किती ठेवू.

गुणांक खाली देतोच. पण नुसते गुणांक बदलून या तिन्हींपैकी एकही तक्रार जाणार नाही. पहिली तक्रार आकड्याच्या अचूकतेची आहे, दुसरी एलएनबीची (छत्रीच्या तोंडाशी बसणाऱ्या, फ्रिक्वेन्सी खाली आणणाऱ्या डबीची), तिसरी यूएसबीची. पडद्यावर तिन्ही सारख्याच दिसतात, कारण तुम्ही फक्त कॉन्स्टेलेशन, म्हणजे ठिपक्यांचं चित्र, बघताय. कॉन्स्टेलेशन हा सगळ्या पायऱ्यांचा एकत्र निकाल आहे. प्रत्येक पायरीचा स्वतःचा एक आकडा असतो आणि तो छापून बघितल्याशिवाय दोष कुणाचा हे कळत नाही.

आधी छतावरचं दोन मिनिटांत उरकू. आपल्याकडे गावोगावी फ्री डिशच्या छत्र्या ९३.५ अंशांवरच्या जीसॅट-१५ कडे, म्हणजे आग्नेयेला आणि साठ अंशांच्या आसपास वर बघतात. एस'हेल-२ राळेगावहून पश्चिम-नैर्ऋत्येला दिसतो: खऱ्या उत्तरेपासून साधारण २५५ अंश, आणि क्षितिजापासून फक्त २७ अंश वर. त्या बाजूला आंबा किंवा कडुनिंब असेल तर सिग्नल गेला. उपग्रह इतका बाजूला असल्यामुळे एलएनबी स्वतःभोवती जवळपास ६५ अंश फिरवावी लागते. फ्री डिशच्या सवयीनं ती सरळ ठेवली तर आडव्या ध्रुवणाचा सिग्नल साडेसात डेसिबलनं पडतो. कुठल्या बाजूला फिरवायची ते सिग्नल बघून ठरवा, दोन्हीकडे फिरवून पाहिलं की लगेच कळतं. आडव्या ध्रुवणासाठी एलएनबीला १८ व्होल्ट द्यायचे आणि ते डाँगलमध्ये शिरणार नाहीत यासाठी मध्ये डीसी ब्लॉक हवाच. डाँगलच्या बायस-टीमधून (केबलवरूनच वीज देणाऱ्या सोयीतून) जेमतेम ५ व्होल्ट मिळतात, ते इथे कामाचे नाहीत. एलएनबीतल्या ९७५० मेगाहर्ट्‌झच्या लोकल ऑसिलेटरनं बीकन ७४१.५ मेगाहर्ट्‌झवर उतरतो. क्यूपीएसके ४/५ ला आदर्श डिकोडरमध्ये सुमारे ४.७ डेसिबल सिग्नल-नॉइज गुणोत्तर लागतं, प्रत्यक्षात ७ च्या वर मिळाल्याशिवाय सॉफ्टवेअरच्या मागे लागू नका.

आता पहिली तक्रार. तुमच्या कोडमध्ये पुढच्या सिम्बॉलची वेळ एका ३२ बिटांच्या फ्लोटमध्ये सुरुवातीपासून साठत जाते: वेळ अधिक १.६ (सिम्बॉलमागचे सॅम्पल, २४ लाख भागिले १५ लाख) अधिक दुरुस्ती. खोट इथेच आहे. ३२ बिटांच्या फ्लोटमध्ये अचूकतेला २४ बिट मिळतात. आकडा वाढत जातो तसे अपूर्णांकासाठी उरणारे बिट कमी होत जातात. दहाव्या भाग सेकंदाला वेळ २,४०,००० असते आणि बारीकात बारीक पाऊल १/६४ सॅम्पलचं उरतं. ०.८७ सेकंदाला आकडा २०,९७,१५२ ओलांडतो आणि पाऊल पाव सॅम्पलचं होतं, म्हणजे सिम्बॉलचा जवळपास सहावा भाग. त्यानंतर १.६ मिळवायला गेलात की प्रत्यक्षात १.५ किंवा १.७५ मिळतात. लूप या दोन्हींमध्ये हेलकावे खात सरासरी १.६ गाठायला बघतो. तुमच्या इंटिग्रेटरला (त्रुटी साठवत जाणाऱ्या भागाला) मर्यादा नाही म्हणून तो सेकंदभर तरी तग धरतो. साडेतीन सेकंदांनंतर पाऊल पूर्ण एका सॅम्पलचं होतं, तिथे काहीच उरत नाही. प्रोग्राम पुन्हा सुरू केला की आकडा शून्यापासून चालू, म्हणून पुन्हा चांगलं दिसतं.

उपाय साधा. सॅम्पलचा क्रमांक ६४ बिटांच्या पूर्णांकात ठेवा आणि ० ते १ मधला अपूर्णांक वेगळ्या चलात ठेवा. दर सिम्बॉलला अपूर्णांकात १.६ अधिक दुरुस्ती मिळवा, जितके पूर्ण सॅम्पल झाले तितके क्रमांकात टाका, उरलेला अपूर्णांक पुढे न्या. सगळं एकाच डबलमध्ये ठेवलं तरी महिनाभर अडणार नाही, पण वेगळं ठेवण्याचा दुसरा फायदा आहे. गार्डनरला दोन सिम्बॉलांच्या मधोमधचं मूल्यही लागतं. बरेच जण आधी सिम्बॉलमागे दोन सॅम्पल काढतात आणि एक सोडून एक "मधला" समजतात. घड्याळं जुळत नसल्यामुळे कधीतरी एक सॅम्पल वाढतो किंवा गळतो. त्या क्षणी मधला आणि मुख्य यांची अदलाबदल होते आणि लूपला उलटा धक्का बसतो. त्यापेक्षा मूळ बफरमधून थेट दोन जागी इंटरपोलेशन करा (सॅम्पलांच्या मधलं मूल्य काढा), एक सिम्बॉलच्या वेळेवर आणि एक अर्धा सिम्बॉल मागे. हा दोष मग उद्भवतच नाही.

इंटरपोलेशनबद्दल इथेच सांगतो, कारण तुमचा चार बिंदूंचा क्यूबिक इंटरपोलेटर सिम्बॉलमागे १.६ सॅम्पलना पुरत नाही. रोल-ऑफ (सिम्बॉल दरापेक्षा सिग्नल किती पटीनं जास्त पसरतो तो भाग) ०.२० धरला तर सिग्नलची रुंदी १.८ मेगाहर्ट्‌झ, म्हणजे त्याच्या कडा ०.९ वर येतात आणि तुमची नायक्विस्ट मर्यादा (सॅम्पल दराच्या निम्मी) १.२ आहे. त्या कडांवर क्यूबिक इंटरपोलेटर सिग्नलची पातळी कमी करतो आणि फेज वाकवतो. टायमिंगची माहिती तर नेमकी कडांवरच असते! दोन मार्ग आहेत. पहिला, सॉफ्टवेअरमध्ये दर दुप्पट करून ४८ लाखांवर न्या, म्हणजे सिम्बॉलमागे ३.२ सॅम्पल, आणि मग क्यूबिक वापरा. दुसरा मला जास्त पसंत आहे: मॅच्ड फिल्टर (पाठवलेल्या सिम्बॉलच्या आकाराशी जुळणारा फिल्टर) आणि इंटरपोलेटर एकच करा. रूट रेझ्ड कोसाइन या फिल्टरचे ३२ फेज आधीच काढून ठेवा आणि अपूर्णांकाला ३२ नं गुणून जवळचा फेज उचला. जीएनयू रेडिओतला पॉलीफेज क्लॉक सिंक याच धाटणीचा आहे. फिल्टरची लांबी मात्र राखा. ०.३५ रोल-ऑफला ८ सिम्बॉलांचा फिल्टर चालून जातो, ०.२० ला किमान २० सिम्बॉल धरा, नाहीतर शेजारच्या सिम्बॉलांची गळती कायम उरते आणि ठिपके कधीच घट्ट होत नाहीत.

गार्डनरचं सूत्र तुम्ही बरोबर लिहिलंय: नवा वजा जुना, गुणिले मधल्याचा कॉन्जुगेट (काल्पनिक भागाचं चिन्ह उलटवलेला), आणि त्याचा वास्तव भाग. फ्लॉइड गार्डनर यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या या पद्धतीचं मोठं बळ हे की कॅरिअरची फेज माहीत नसली तरी ती चालते. म्हणून टायमिंग आधी, कॅरिअर नंतर. म्यूलर आणि म्यूलर यांची १९७६ ची पद्धत सिम्बॉलमागे एकाच सॅम्पलवर भागते, पण तिला सिम्बॉलचा निर्णय लागतो, म्हणजे कॅरिअर आधी लॉक झालेला हवा. डीव्हीबी-एस२ मध्ये तिच्यापासून सुरुवात करू नका. गार्डनरच्या चिन्हाची खात्री करून घ्या. चिन्ह उलटं असेल तर लूप अर्ध्या सिम्बॉलवर जाऊन बसतो आणि चारऐवजी नऊ धूसर पुंजके दिसतात.

गार्डनरचा उतार, म्हणजे टायमिंग थोडं चुकलं की त्रुटी किती येते, हा रोल-ऑफवर अवलंबून असतो. सिम्बॉलच्या जागी शक्ती १ केली तर ०.३५ ला हा उतार सिम्बॉलमागे १.०८ येतो आणि ०.२० ला फक्त ०.६२. म्हणजे ०.३५ च्या चाचणी सिग्नलवर बसवलेला लूप खऱ्या सिग्नलवर ४० टक्क्यांनी कमजोर पडतो, आणि डॅम्पिंगही (लूप हेलकावे किती लवकर थांबवतो ते) बदलतं. शिवाय उतार शक्तीच्या प्रमाणात असतो, सिग्नलची पातळी दुप्पट झाली की उतार चौपट. म्हणून मॅच्ड फिल्टरनंतर शक्ती १ वर आणणारा संथ एजीसी (पातळी आपोआप राखणारा भाग) ठेवा आणि डाँगलचा स्वतःचा ऑटो गेन बंद करा. तो मधेच पायरी बदलतो आणि प्रत्येक पायरीला टायमिंग लूप हादरतो. हाताने गेन असा ठेवा की ८ बिटांच्या सॅम्पलांची सरासरी पातळी २५ ते ३० च्या घरात राहील आणि टोकं कापली जाणार नाहीत.

आता गुणांक. डॅम्पिंग ०.७०७ आणि उतार ०.६२ धरून: पकडताना लूपची रुंदी सिम्बॉल दराच्या १ टक्का, तेव्हा प्रमाणाचा गुणांक ०.०४२ आणि इंटिग्रेटरचा ०.०००५६. साधारण ५,००० सिम्बॉलांनंतर रुंदी ०.१ टक्क्यावर आणा, तेव्हा ०.००४३ आणि ०.०००००५७. शून्यं मोजून लिहा, इथे एक शून्य इकडचं तिकडे झालं तर लूप एकतर थरथरतो किंवा झोपतो. हे आकडे सिम्बॉलच्या एककात आहेत. तुमची वेळ सॅम्पलमध्ये आहे, म्हणून दुरुस्तीला १.६ नं गुणा. इंटिग्रेटरला दर दहा लाखांत २०० ची मर्यादा घाला. साध्या डाँगलचा क्रिस्टल दर दहा लाखांत ५० चुकला तर सेकंदाला ७५ सिम्बॉल, म्हणजे एका फ्रेममध्ये दीड सिम्बॉलपेक्षा जास्त सरकतं. हे सरकणं सांभाळणं हेच इंटिग्रेटरचं काम. लॉक झाल्यावर त्याचं मूल्य छापा. ते एका आकड्यावर स्थिरावलं आणि डाँगल तापेल तसं हळूहळू सरकत राहिलं तर टायमिंग निरोगी आहे. ते मर्यादेला चिकटून बसलं किंवा इकडून तिकडे उड्या मारत असेल तर लॉक खोटं आहे, ठिपके कसेही दिसोत.

हे सगळं खऱ्या सिग्नलवर लावण्याआधी संगणकातच सिग्नल बनवून तपासा. रोल-ऑफ ०.२०, घड्याळात दर दहा लाखांत ५० ची चूक, कॅरिअरमध्ये १० किलोहर्ट्‌झची चूक आणि ८ डेसिबलचा नॉइज. आधी लूप उघडा ठेवून वेळ अर्धा सिम्बॉल मागे-पुढे सरकवा आणि सरासरी त्रुटी काढा. साइनसारखी वक्ररेषा आली आणि शून्याजवळचा उतार ०.६ च्या आसपास निघाला, तर डिटेक्टर बरोबर. मग लूप जोडून चालू करा. मग नॉइज वाढवत ५.५ डेसिबलपर्यंत या. तिथेही सिम्बॉल गळता कामा नये.

दुपारची तक्रार. साधी एलएनबी डायइलेक्ट्रिक रेझोनेटरवर चालते. अशा एलएनबीच्या माहितीत साधारणपणे २५ अंशांना एक मेगाहर्ट्‌झ आणि पूर्ण तापमानात तीन मेगाहर्ट्‌झपर्यंत मागेपुढे अशी सूट दिलेली असते. टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सला याचं काही वाटत नाही. फ्री डिशचे २९.५ मेगासिम्बॉलांचे कॅरिअर ०.३५ रोल-ऑफनं ४० मेगाहर्ट्‌झ रुंद असतात, त्यात एक मेगाहर्ट्‌झ इकडेतिकडे चालतो. तुमची खिडकी २.४ ची आणि सिग्नल १.८ चा आहे. दोन्हीकडे मिळून ०.६, म्हणजे एका बाजूला फक्त ३०० किलोहर्ट्‌झची जागा. आपल्याकडे मे महिन्यात सावलीत ४५ अंश असतात, उन्हात तापलेल्या स्लॅबवर एलएनबीची डबी त्याहून कितीतरी गरम होते. सकाळी मधोमध असलेला सिग्नल दुपारी खिडकीच्या कडेला जाऊन कापला जातो. एक कड गेली की गार्डनरची माहितीही गेली, मग लॉक होणार कुठून? स्पेक्ट्रम बघा: दुपारी सिग्नलचा ढीग एका बाजूला सरकलेला आणि तिकडची कड कापलेली दिसेल.

कायमचा इलाज म्हणजे पीएलएल एलएनबी (जिचा ऑसिलेटर क्रिस्टलला बांधलेला असतो). तिची सरक काही दशक किलोहर्ट्‌झची असते. ती मिळेपर्यंत सॉफ्टवेअरमध्ये एवढं करा: ४०९६ बिंदूंचा एफएफटी (स्पेक्ट्रम काढायचं गणित), २०० वेळची सरासरी, म्हणजे सेकंदाच्या तिसऱ्या भागात एक स्वच्छ आलेख. शिखरापेक्षा ३ डेसिबल खालच्या डाव्या आणि उजव्या कडा शोधा, त्यांचा मध्य हाच कॅरिअर. चूक १०० किलोहर्ट्‌झच्या वर गेली तरच डाँगल नव्यानं ट्यून करा आणि तेव्हा सगळे लूप शून्यावर आणा. त्याच्या आत असेल तर संगणकातच फिरवून मध्यावर आणा. मॅच्ड फिल्टरच्या आधी उरलेली चूक सिम्बॉल दराच्या एक टक्क्यात, म्हणजे १५ किलोहर्ट्‌झमध्ये आली पाहिजे. पहाटे उलट दिशेनं हेच घडतं, त्यामुळे ही मोजणी लॉक झाल्यावरही मागे चालूच ठेवा.

तिसऱ्या तक्रारीसाठी फ्रेमकडे यावं लागतं. डीव्हीबी-एस२ ची प्रत्येक फ्रेम ९० सिम्बॉलांच्या शीर्षकानं सुरू होते: २६ सिम्बॉल ठरलेल्या सुरुवातीचे आणि ६४ सिम्बॉल मॉड्युलेशन-कोडिंगची माहिती सांगणारे. क्यूपीएसकेच्या मोठ्या फ्रेममध्ये पुढे ३२,४०० सिम्बॉल येतात, म्हणजे एकूण ३२,४९०. पायलट असते तर दर १,४४० सिम्बॉलांमागे ३६, आणि एकूण ३३,२८२ झाले असते. तुमच्या बीकनला दर सेकंदाला सुमारे ४६ फ्रेम, एक फ्रेम २१.७ मिलिसेकंदांची.

शीर्षक शोधताना सिम्बॉल थेट ताडून बघू नका, कॅरिअर अजून फिरतोय. प्रत्येक सिम्बॉलला आधीच्या सिम्बॉलच्या कॉन्जुगेटनं गुणा आणि ते गुणाकार ठरलेल्या नमुन्याशी ताडा. फिरणं सगळ्या गुणाकारांत सारखंच येतं, त्यामुळे बेरजेचं मोजमाप टिकतं, आणि बेरजेचा कोन म्हणजेच सिम्बॉलमागची उरलेली फ्रिक्वेन्सीची चूक. फुकटात मिळते, ती लगेच वापरा. २६ सिम्बॉलांतून २५ गुणाकार मिळतात, कमी नॉइजला तेवढे पुरतात. नॉइज जास्त असेल तर पुढच्या ६४ सिम्बॉलांच्या ३२ जोड्याही घ्या. जोडीतला दुसरा बिट पहिल्यासारखा किंवा सगळीकडे उलटा असतो, पायलट आहेत की नाहीत त्यावर ते ठरतं. म्हणून २५ गुणाकारांची आणि ३२ जोड्यांची या दोन बेरजा एकदा मिळवून आणि एकदा वजा करून बघायच्या आणि मोठी घ्यायची. ओळीनं तीन फ्रेम बरोबर अंतरावर सापडल्याशिवाय लॉक म्हणू नका, आणि एकदा लॉक झाल्यावर चार-पाच शीर्षकं हुकली तरी जागा सोडू नका.

याच ठिकाणी तिसऱ्या तक्रारीचा निकाल लागतो. लागोपाठच्या दोन शीर्षकांमधलं अंतर फाइलमध्ये लिहीत जा. ३२,४८९ किंवा ३२,४९१ आलं तर टायमिंग लूपनं एक सिम्बॉल खाल्ला किंवा जास्त दिला, लूपची रुंदी आणि सिग्नल बघा. अंतर शेकड्यांनी किंवा हजारांनी कमी आलं तर लूपचा काही संबंध नाही, डाँगलकडून सॅम्पलच गळलेत. लाइट गेल्यावर जास्त होतं असं तुम्ही लिहिलंय, त्यावरून मला हेच दिसतं. भारनियमनात लॅपटॉप बॅटरीवर जातो, ऊर्जा बचतीच्या सेटिंगमुळे प्रोसेसरचा वेग उतरतो, तुमचा डिकोडर वेळेत बफर उचलत नाही आणि यूएसबी जुना माल टाकून देते. ठिपके चांगले दिसतात कारण गळती क्षणभराची असते आणि लूप लगेच पुन्हा पकडतो. फ्रेम मात्र गेलेली असते.

खात्री अशी करा. आरटीएल_टेस्ट हे साधन २४ लाखांवर चालवा, गळालेले बाइट ते स्वतः सांगतं. मग लॅपटॉप बॅटरीवर टाकून पुन्हा. प्रोग्राममध्ये डाँगल वाचणारा धागा (थ्रेड) वेगळा ठेवा. त्यानं फक्त वाचून एका मोठ्या रिंग बफरमध्ये टाकायचं, हिशेब काही करायचा नाही. सेकंदाला ४८ लाख बाइट येतात, तेव्हा पाच सेकंदांचा बफर २४ मेगाबाइटांचा झाला, तेवढी मेमरी खुशाल द्या. एलडीपीसी (चुका दुरुस्त करणारा कोड) डिकोडर प्रोसेसरचा सगळ्यात जास्त वेळ खातो. एका फ्रेमला फेऱ्यांची मर्यादा २५ ठेवा आणि पॅरिटी जुळली की तिथेच थांबा. बॅटरीवर असतानाही प्रोसेसर पूर्ण वेगानं चालेल असं सेटिंग करा. डाँगल हबमधून न लावता थेट लावा.

आणखी एक गळती यूएसबीची नसते, तुमचीच असते. डाँगलची लायब्ररी मुळात २,६२,१४४ बाइटांचे बफर देते, म्हणजे १,३१,०७२ सॅम्पल, म्हणजे बरोबर ८१,९२० सिम्बॉल. टायमिंग त्रुटीचे झटके दर ८१,९२० सिम्बॉलांनी येत असतील तर बफरच्या सांध्यावर फिल्टरचे मागचे सॅम्पल किंवा तो अपूर्णांक पुढे नेलेला नाही. तुमच्या तुकड्यात फिल्टरचा इतिहास जपलाय, मधल्या मूल्यासाठी मागे जाताना मात्र बफरच्या सुरुवातीला शून्य वाचलं जातंय, तेवढं दुरुस्त करा.

थेट सिग्नलवर दोष शोधत बसू नका. मिनिटभराचे सॅम्पल आधी फाइलमध्ये घ्या, २८८ मेगाबाइट होतात. तीच फाइल पाच वेळा चालवा. दर वेळी त्याच फ्रेमवर तुटलं तर दोष फाइलमध्ये किंवा कोडमध्ये. शीर्षकांच्या अंतरावरून त्यातला कुठला ते कळतं. फाइलवर कधीच तुटत नाही आणि थेट चालवताना तुटतं, तर वेळेत काम होत नाहीये. शेतातल्या पंपाच्या स्टार्टरचा किंवा इन्व्हर्टरचा खटका असेल तर स्पेक्ट्रममध्ये त्या क्षणी पूर्ण रुंदीचा पट्टा उठलेला दिसतो, तेव्हा अॅडॉप्टर बदलून आणि चांगली शिल्ड असलेली केबल लावून पाहा.

टायमिंग आणि फ्रेम जमल्यावर कॅरिअरची फेज उरते. शीर्षकाचे ९० सिम्बॉल माहीत झालेत, त्यांवरून फेज थेट मिळते. म्हणून डीव्हीबी-एस सारखा चार दिशांचा संभ्रम इथे नाही. पण पायलट नसल्यानं दोन शीर्षकांमध्ये २१.७ मिलिसेकंद आहेत. त्या वेळात फेज अर्ध्या फेऱ्यापेक्षा जास्त सरकली तर शीर्षक ते शीर्षक जोडताना चूक होते, आणि ही मर्यादा फक्त २३ हर्ट्‌झची आहे. तेवढं कुठलीच स्वस्त एलएनबी स्थिर नसते. म्हणून मधल्या सिम्बॉलांवर निर्णयावर चालणारा अरुंद फेज लूप हवाच. तो फ्रेमच्या मध्ये ९० अंशांनी घसरला तर पुढच्या शीर्षकाला कळतं, त्या फ्रेमचा एलडीपीसी मात्र फसतो. शीर्षकाला घसरण दिसली की मोजून ठेवा. ती वारंवार येत असेल तर फेज लूप रुंद करा, टायमिंगला हात लावू नका. पायलट असलेला कॅरिअर पुढे कधी मिळाला तर ही मर्यादा ५०० हर्ट्‌झच्या वर जाते आणि काम बरंच सोपं होतं. डेटाचे सिम्बॉल गोल्ड क्रम नावाच्या ठरलेल्या क्रमानं घुसळलेले असतात. शीर्षक त्यातून वगळलेलं असतं आणि क्रम दर फ्रेमला नव्यानं सुरू होतो. पायलटही त्या घुसळणीत येतात, हे लक्षात ठेवा.

एलडीपीसी आणि त्याच्या जोडीचा बीसीएच हा कोड उलगडल्यावर ५१,६४८ बिट हातात येतात, त्यातले पहिले ८० आतल्या शीर्षकाचे (हे वरच्या ९० सिम्बॉलांच्या शीर्षकाहून वेगळं). त्याचा सीआरसी-८ (चूक तपासायचा बाइट) जुळला तरच पुढे जा. याच शीर्षकात रोल-ऑफ कोणता हे दोन बिटांत लिहिलेलं असतं, तेव्हा वर धरलेला ०.२० बरोबर आहे का ते इथे पक्कं करून फिल्टर हवा तर बदला. बरेच जण यानंतर हेक्स ४७ हा सिंक बाइट शोधत बसतात आणि तो सापडत नाही. डीव्हीबी-एस२ मध्ये त्याच्या जागी आधीच्या पॅकेटचा सीआरसी-८ टाकलेला असतो. पहिलं पॅकेट कुठून सुरू होतं ते शीर्षकातल्या सिंकडी या खान्यात बिटांमध्ये दिलेलं असतं. तिथून दर १८८ बाइटांनी पॅकेट तोडा, सीआरसी तपासा आणि मग ४७ परत बसवा. सगळं बरोबर असेल तर फाइल सेकंदाला २३.८ लाख बिटांनी, मिनिटाला जवळपास १८ मेगाबाइटांनी वाढते. कमी वाढली तर किती टक्के फ्रेम गेल्या ते लगेच निघतं.

यानंतरही चित्र वीस-पंचवीस मिनिटांतून एकदा अडखळलं आणि फ्रेम एकही गेलेली नसेल, तर ते शेवटचं घड्याळ आहे. प्रक्षेपणाचं २७ मेगाहर्ट्‌झचं घड्याळ पीसीआरमधून (प्रवाहातच पाठवलेल्या वेळेच्या खुणांमधून) येतं आणि त्याला दर दहा लाखांत ३० ची सूट आहे. तुमच्या साउंड कार्डचं घड्याळ वेगळं. दोघांत दर दहा लाखांत ३० चा फरक असेल तर २५ फ्रेमच्या चित्रात २२ मिनिटांत एक फ्रेम शिल्लक किंवा कमी पडते. प्लेअर नेटवर्कवरून आलेल्या थेट प्रवाहासारखा चालवा, म्हणजे तो पीसीआरच्या मागे आपलं घड्याळ ओढतो. तुमच्या डिकोडरमधून पॅकेट झटक्याझटक्यानं, फ्रेमच्या थप्प्यांनी बाहेर पडतात, त्यामुळे प्लेअरला किमान ३०० मिलिसेकंदांचा बफर द्या.